न भिजलेला दाणा

त्या मुलखात पाणी कमी होतं, आणि बाकी सगळं त्यावरूनच ठरत होतं. कोण थोर, कोण हलकं, कुणी काळ्या जमिनीत राहायचं आणि कुणी मुरमाड माळावर, हे ज्याला त्याला किती पाणी लागतं ते पाहून ठरे. ऊस तिथं कुणी पाहिला नव्हता. भात पाहुणा म्हणूनही परवडत नसे.

मुलूख कडधान्यांचा होता. ज्वारी आणि बाजरी तिथल्या मानकरणी खऱ्या, पण नुसत्या भाकरीनं पोट भरतं, मनगटात जोर येत नाही, हे त्या दोघीही ओळखून होत्या. भाकरीत जे उणं ते डाळीत, आणि डाळीत जे उणं ते भाकरीत. म्हणून मानकरणींना कडधान्यांशी गोडीगुलाबीनं वागावं लागे, आणि कडधान्यांना त्याचा थोडा माजही होता. तूर रोजच्या वरणाची मालकीण. मूग आजाऱ्यांचा सोबती; ज्याला काही पचत नाही त्याला मूग पचतो. उडीद थंडीच्या दिवसांत घुटं होऊन अंगात ऊब भरायचा. हुलगा मात्र माळावर पडलेला असे. बैलाघोड्यांचं खाणं म्हणून त्याला कुणी पंगतीत बसवत नसे, आणि एखादा अंग मोडून अंथरुणाला खिळला, की माडगं करण्यासाठी त्यालाच मागच्या दारानं बोलावून नेत.

या सगळ्यांत मटकीचं घराणं चणीनं लहान, पण तोरा भारी. मोड काढावेत ते मटकीनंच, असा त्यांचा लौकिक होता. ओल लागली की दिवस मावळायच्या आत सगळ्या फुगलेल्या, आणि दुसरा दिवस उजाडतो तो पांढरेशुभ्र मोड घेऊनच. त्यांच्यात एक रीत होती. भिजायचं ते सगळ्यांनी एकदम, फुगायचं ते एकदम, मोड काढायचे तेही एकदम. घराण्याची थोरली हाक द्यायची, "फुगा गं!" आणि त्या हाकेसरशी सगळ्या अंग सैल सोडायच्या. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. दरसाल घराण्याचे दोन वाटे पडत. एक वाटा चुलीचा, दुसरा मातीचा. चुलीच्या वाट्याला गेलेल्या उसळ होऊन कामकऱ्यांच्या अंगी लागत. मातीच्या वाट्याला गेलेल्या पुढच्या सालचं घराणं उभं करत. दोन्हींत मान सारखाच होता. तिसरा वाटा नव्हता.

सावळी याच घराण्यातली. दिसायला चारचौघींसारखी, बोलायला जरा कमी. तिचा आणि तिची बहीण ठिपकी हिचा वाटा चुलीचा निघाला. दोघी एकाच पाण्यात उतरल्या आणि एकाच फडक्याच्या पुरचुंडीत बांधल्या गेल्या. आत अंधार होता, ऊब होती आणि दाटी इतकी, की कुणाचं अंग कुठं संपतं ते कळत नव्हतं. थोरलीची हाक आली. आजूबाजूच्या सगळ्या हसत, उसासत फुगू लागल्या. ठिपकी तर दुप्पट झाली.

"अगं, अंग सोड की जरा," ती सावळीला कोपरखळी मारत म्हणाली. "पाण्याला काय भितीस?"

"सोडतेय गं. पण ते आतच येत नाही."

"असं कसं? आम्हाला येतं ते तुलाच का येत नाही?"

सावळीनं आणखी जोर केला. पाणी तिच्या अंगावरून घरंगळून गेलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नखरे आहेत नुसते." दुसरी म्हणाली, "अंगचोर मेली." मग मोडांची गडबड सुरू झाली आणि सगळ्या तिला विसरल्या. ओलसर, मऊ अंगांच्या त्या दाटीत ती एकटी कोरडी राहिली. तरीही तिला ती दाटी सुखाची वाटत होती, कारण निदान सगळ्या जणी तिला चिकटून होत्या.

पुरचुंडी सुटली. थोरली एकेकीवरून हात फिरवत आली आणि सावळीपाशी थांबली. तिनं तिला उचलून दुसऱ्या दाण्यावर आपटून पाहिलं. टक् असा आवाज झाला.

"कुचर आहे ही," थोरली म्हणाली. "ना भिजणार, ना शिजणार." "उसळीत गेली आणि खाणाऱ्याचा दात पडला, तर घराण्याचं नाव जाईल. बांधापलीकडं टाका हिला."

थोरली काही दुष्ट नव्हती. तिला घराणं सांभाळायचं होतं, आणि दात पडला असता हेही खरंच होतं. ठिपकीला मात्र यातलं काही नीट कळलं नाही. ती चुलीकडं जाता जाता वळून म्हणाली, "जाते गं मी. तू मागून ये." तिच्या मोडावर सकाळचं ऊन पडलं होतं. सावळीनं मान हलवली. मागून येणं नावाची गोष्ट त्या घराण्यात नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

बांधापलीकडं मुरूम होता आणि मुरमात हुलगा होता. म्हातारा, चपटा, रंगानं विटकरी आणि बोलायला त्याहून रांगडा.

"पडलीस का?" तो म्हणाला. "पड. हितं पडायला कुणाची परवानगी लागत न्हाई."

"मी कुचर आहे," सावळी म्हणाली. आधीच सांगून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं.

"आन् मी घोड्याचं खाणं. झाली वळख. आता गप पडून ऱ्हा."

पण तिला गप्प पडवेना. बांधाच्या अलीकडं तिच्याच घराण्याचा मातीचा वाटा पेरलेला होता. थोरली स्वतः त्यांच्यासोबत मातीत उतरली होती. त्यांच्या गप्पा, हसणं, उखाणे सगळं इथं ऐकू यायचं. पानांवरून दवाचा थेंब ओघळून अंगावर पडला, की सावळी डोळे मिटून अंग सैल सोडायची. काही होत नसे. थेंब वाळून जाई.

"हुलगेबाबा, मीच का अशी?" एकदा तिनं विचारलं.

"मला काय ठावं पोरी. मला समद्यांच्या मागनं पेरत्यात. पाऊस सरत आला, की उरलीसुरली वल माझ्या वाट्याला. तू असा का, म्हणून मला कुणी इचारलंच न्हाई. मग मी बी सोताला इचारायचं सोडून दिलं."

सावळीला ते काही जमलं नाही. आपल्यात काहीतरी राहून गेलंय, आई आपल्याला घडवता घडवता कुठंतरी चुकली, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि मग एका दुपारी एक चुकार ढग आला. एकटाच होता; त्याच्या मागं आभाळ निळंभोर. पण कोसळला तो असा, की घटकाभरात शेतात पाणी उभं राहिलं. मातीत कुजबुज सुरू झाली. एक वयस्कर दाणा भीत भीत म्हणाला, "थोरल्या बाई, जरा थांबायचं का? मागं आभाळ मोकळं दिसतंय."

थोरली थोडी घुटमळली. तिलाही ते दिसलं असावं. पण सगळ्या तिच्या तोंडाकडं पाहत होत्या.

"थांबणारी आपल्यात एकच होती," ती म्हणाली. "ती बांधापलीकडं पडलीय. कुणाला जायचंय तिच्या सोबतीला?"

कुणालाच जायचं नव्हतं. हाक आली, "फुगा गं!" आणि अख्खं घराणं एकदम फुगलं. त्या सालाइतक्या झपाट्यानं ते कधीच फुगलं नव्हतं. आपल्याला कुचर म्हणू नये, म्हणून जी ती दुसरीच्या आधी मोड काढायला धावली. बघता बघता शेत हिरवं झालं. कोवळ्या दोन-दोन पानांनी त्या बांधाकडं बघून हाका मारू लागल्या. काही चिडवत होत्या, काही खरंच बोलावत होत्या. "ये की गं! अजून वेळ गेली नाही!"

बांधापलीकडं सावळी त्या पाण्यात बुडून पडली होती. तिनं जीव तोडून जोर केला. "एकदा," ती पाण्याला म्हणत होती, "एकदाच आत ये. मरेन मी हवं तर, पण त्यांच्यात मरू दे." पाणी मुरमातून निघून गेलं. ती कोरडीच राहिली, आणि मोठ्यानं रडली. हुलग्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर ढग आला नाही. ऊन मात्र रोज आलं. आधी उखाणे थांबले, मग हसणं थांबलं. पानं कडेनं पिवळी पडली, मुडपली, आणि मग वाऱ्यावर कुरकुर वाजू लागली. मोड एकदा निघाला की परत आत घेता येत नाही. एकीनं घाई केली असती तर एक गेली असती. इथं सगळ्या एकदम निघाल्या होत्या, सगळ्या एकदम गेल्या.

शेवटी शेतात एकच आवाज उरला.

"कुचरे," थोरलीनं विचारलं, "आहेस का गं?"

"आहे, आत्या."

"बरं," थोरली म्हणाली. मग ती पुन्हा म्हणाली, "बरं झालं." ते कशाला म्हणाली ते सावळीला कळलं नाही, आणि विचारायला पुढं कुणी उरलं नाही.

त्या सालात मुलखाला हुलग्यावर दिवस काढावे लागले. पाऊस सरायच्या दिवसांत चार थेंब पडले, तेवढ्यावर तो माळभर वीतवीत वाढला आणि दाण्यानं भरला. कुणाकडं त्याचं माडगं, कुणाकडं पिठलं, कुणाकडं शेंगोळे. ज्याला पंगतीत घेत नव्हते, त्याच्याच जिवावर पंगती उठू लागल्या. म्हातारा निघायच्या वेळी सावळीपाशी थांबला.

"चाललो गं पोरी. आवंदा पुढच्या दारानं नेत्यात."

"मी काय करू, बाबा?"

"पडून ऱ्हा," हुलगा म्हणाला. त्याच्याजवळ दुसरा सल्ला नव्हता. थोडं घुटमळून त्यानं एवढंच विचारलं, "भ्या वाटतंय व्हय?" ती हो म्हणाली, आणि तो गेला.

मग सावळी खरोखरची एकटी झाली. बांधापलीकडं टाकलं तेव्हा आपण एकटे पडलो असं तिला वाटलं होतं, पण ते काही खरं नव्हतं. तेव्हा निदान पलीकडून आवाज येत होते. नावं ठेवणारं का होईना, कुणीतरी होतं. आता तिला कुचर म्हणायलाही कुणी नव्हतं. ती स्वतःशीच दोन आवाजांत बोलायची, एक आपला, एक ठिपकीचा. "अंग सोड की जरा." "सोडतेय गं." काही दिवसांनी ठिपकीचा आवाज तिला नीट आठवेना. शब्द आठवायचे, आवाज तिचा स्वतःचाच यायचा. तेव्हा तिनं तो खेळ बंद केला.

शेळ्यांचा कळप माळावरून गेला आणि एका खुरानं तिला बांधावरून अलीकडं, शेताच्या कडेच्या मातीत लोटलं. दिवसा भुई तापायची, पहाटे काकडायची. वाऱ्यासोबत वाळू यायची आणि अंग घासून जायची. तिच्या कडक सालीवर, डोळ्याच्या जरा खाली, एक बारीकसा ओरखडा उठला. तो दुखत असे. आधीच आपण कुचर, त्यात आता विद्रूपही झालो, असं तिला वाटलं.

पुढच्या सालचा पाऊस मोठ्या आवाजानं आला नाही. तो आला, थांबला, पुन्हा आला, आणि मग सवय झाल्यासारखा येतच राहिला. त्या ओरखड्यातून काहीतरी गार आत शिरलं. सावळी दचकली. जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते अंगात उतरू लागल्यावर तिला आनंद झाला नाही, धडकी भरली. हाक द्यायला कोणी नव्हतं. फूग म्हणणारं कुणी नव्हतं आणि थांब म्हणणारंही कुणी नव्हतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, सवयच ती. मग तिनं स्वतःच अंग सोडलं.

तिचा मोड मातीबाहेर आला तेव्हा आजूबाजूला बाजरी होती, आणि बाजरीच्या ओळींमध्ये उंच, सडसडीत तूर उभी होती. आपलं म्हणावं असं नजर पोचेल तिथवर कुणी नव्हतं. आपण फुगलो, आपल्याला मोड आला, ही गोष्ट सांगायची तर कुणाला, हे तिला कळेना. शेवटी तिनं ती तुरीला सांगितली. तूर म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि वर बघू लागली.

सावळी उंच झाली नाही, तो तिच्या घराण्याचा गुण नव्हता. ती जमिनीलगत पसरली. तिच्या पानांखाली माती झाकली गेली आणि खालची ओल टिकली. तिच्या मुळांशी बारीक बारीक बिऱ्हाडकरू येऊन राहिले. कुठून आले ते त्यांनी सांगितलं नाही. जमेल तसा हवेतला कस ओढून मातीत घालत राहिले. शेजारची बाजरी त्यामुळं गडद हिरवी झाली. तिनं आभार मानले नाहीत, पण तिची पानं सावळीच्या अंगावर वाकून राहू लागली. मग पिवळी, जेमतेम दिसतील अशी फुलं आली, आणि फुलांच्या जागी शेंगा.

शेंगेत दाणा धरला, की आईनं त्याला झबलं शिवायचं, ही मटकीच्या घराण्याची सगळ्यांत जुनी रीत. दाण्याची साल म्हणजे त्याच्या आईच्या हातचं झबलं. ते अंगावर घालूनच तो जन्मतो आणि ते फाडूनच वाढतो. एका शेंगेतल्या लेकरांची झबली एकाच मापाची, एकाच जाडीची शिवायची. कुणाला कमी नको, जास्त नको.

"पातळ शीव हो," तूर वरून म्हणाली. ती आता सावळीशी बोलू लागली होती. "तू काय काय सोसलंस ते मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. लेकरांच्या वाट्याला ते कशाला?"

"पातळच शिवणार आहे," सावळी म्हणाली. "पहिल्या थेंबाला भिजतील अशी. एक जरी मागं राहिली तर माझा जीव जाईल."

पहिल्या शेंगेतली सगळी झबली तिनं तशीच शिवली, तलम, बोटातून सुळकन निसटतील अशी. दुसऱ्या शेंगेतही तीच. आपली लेकरं एकमेकींना चिकटून बसलेली पाहून तिला फार बरं वाटे. त्यांच्यातली एकही कोरडी राहणार नव्हती. कुणी कुणाला मागून ये म्हणणार नव्हतं.

तेव्हाच एक अवकाळी ढग आला. एकटाच, मागं आभाळ निळंभोर. शेंगांवर चार टपोरे थेंब वाजले, आणि आतून सगळ्या लेकरांचा एकदम गलका उठला. "आई, फुगू का? आई, फुगू का?" एकही वेगळा सूर त्यात नव्हता. सावळीच्या पानापानावर काटा आला. हा गलका तिनं बांधापलीकडं पडून ऐकला होता. ढग निघून गेला. लेकरं हिरमुसून गप्प झाली. सावळीच्या पानांवरचा काटा मात्र गेला नाही.

"काय झालं गं?" तुरीनं विचारलं.

सावळीनं शेवटच्या शेंगेचं काम हातात घेतलं. त्यातल्या एका लेकराचं झबलं ती जाड शिवू लागली. एक पदर, त्यावर दुसरा, त्यावर आणखी एक. सुई आत जाईना. जिथं जिथं पाणी शिरेल ती प्रत्येक फट शोधून, दाबून बंद करावी लागत होती. हात दुखून आले. मध्येच सोडून द्यावं असं तिला कितीदा तरी वाटलं, आणि दर वेळी पुन्हा सुई घ्यावी लागली. असं झबलं कुणाच्या हातून चुकून शिवलं जात नाही.

सावळीचा हात थांबला. तिला तिची आई फारशी आठवत नव्हती. पण सुई धरलेले दोन दुखरे हात तिला आत्ता स्पष्ट दिसले.

"अगं, हे काय करतेस?" तूर वाकून म्हणाली. "ती बिचारी एकटी पडेल!"

"हो," सावळी म्हणाली. "पडेल."

तिनं शेवटचा टाका घातला आणि ते झबलं लेकराच्या अंगात चढवलं. मग तिनं त्याला शेंगेच्या टोकाला बसवलं नाही, देठाशीही बसवलं नाही. अगदी मधोमध जागा करून तिथं बसवलं, आणि दोन्ही बाजूंच्या लेकींना म्हणाली, "जवळ सरका गं. शेंग उघडेपर्यंत हिला दोन्हीकडून अंगाशी घ्या."